थैलीची तपासणी

शिबिर गुरुवारी सकाळी दहाला होतं आणि मंगळवारी दुपारचे चार वाजले तरी जयाच्या यादीत एकही नाव नव्हतं.

जया कळंबच्या बाजूच्या एका गावाची आशाताई. लसीकरण असो, बाळंतपण असो, तापाच्या गोळ्या असोत, नऊ वर्षं ती घरोघर फिरत होती आणि बायका तिचं ऐकत होत्या. पण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की सगळ्यांना एकदम कामं आठवायची. एकीला वाल उपटायचे होते. एकीच्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. तिसरी तर सरळ म्हणाली, "तू सांगतीस ते खरं हाय गं जया, पन मला काय झालंच नाय, तर मी कशाला झोपू टेबलावर?"

त्यात तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी ग्रुपवर मेसेज टाकला होता. गावातल्या त्याच त्या चार बायका बसवून फोटो काढू नका. तुमच्या भागात बाहेरून आलेल्या बायका राहतात, त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. या वेळी त्यांना आणा. मी स्वतः येते आहे.

'मी स्वतः येते आहे' हे वाक्य जयाने तीनदा वाचलं आणि स्कूटी काढून ओढ्यापलीकडच्या रिसॉर्टवर गेली.

रिसॉर्टच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांमध्ये नेपाळी कुटुंबं राहायची. पुरुष रखवालीला, बायका खोल्या झाडायला, चादरी धुवायला, भांड्यांना. तिशीच्या पुढच्या अकरा जणी होत्या. त्यातली बिस्ना जयाच्या ओळखीची. नेपाळातल्या अछामहून लग्नानंतर आलेली, पस्तीस-छत्तीसची, धीट बाई. तिच्या धाकट्या मुलीचे सगळे डोस जयानेच दिलेले. बिस्नाला हिंदी बरी येत होती. जयालाही आपल्याला हिंदी येते असं वाटत होतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

या भागात बायका गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आहे, पिशवी काढली. आता पिशवीला हिंदीत काय म्हणायचं? जयाने क्षणभर विचार केला आणि थैली म्हणाली.

"बिस्ना, परसों सुबह सब औरत लोग उपकेंद्र में आने का. थैली चेक करने का है."

दोरीवर चादर टाकणारा बिस्नाचा हात थांबला. "थैली?"

"हां. तीस साल के ऊपर का सबका."

"क्यों दीदी?"

"सरकार का ऑर्डर है. फुकट है. दो मिनट लगता."

"थैली में क्या देखेंगे?"

"अंदर कुछ खराब है क्या वो देखेंगे. बाहर से दिखता नहीं ना! बत्ती मारके देखते."

बिस्ना जवळ सरकली. "और कुछ मिला तो?"

"मिला तो कर्जत भेजेंगे. जल्दी पकडा तो कुछ नहीं, छोड देते. लेट पकडा तो फिर मुंबई."

"दीदी, हमने कुछ नहीं किया."

"अगं, करने से थोडी होता है? किसी का भी निकल सकता. अच्छे अच्छे घर की औरत का निकलता है." जयाने तिच्या खांद्यावर थोपटलं. "तू सबको समझाके ला. एक भी छूटना नहीं मंगता."

बिस्नाने मान हलवली. काम फत्ते झालं म्हणून जया घरी गेली आणि यादीत अकरा नावं लिहून निवांत जेवली.

इकडे पत्र्याच्या खोल्यांमध्ये कोणी जेवलं नाही. आठच दिवसांपूर्वी एका पाहुणीचं कानातलं हरवलं होतं आणि मॅनेजर योगेंद्रने सगळ्या बायकांना ओळीत उभं करून दम भरला होता. कानातलं नंतर त्या पाहुणीच्याच बुटात सापडलं, पण भीती राहायची ती राहिली. आणि प्रत्येकीच्या थैलीत काही ना काही होतंच. पाहुणे गेल्यावर उरलेल्या बोटभर साबणाच्या वड्या, शाम्पूच्या अर्ध्या बाटल्या, चहाच्या पुड्या. फेकायचंच म्हणून उचललेलं. पण सरकार बत्ती मारून बघणार म्हटल्यावर साबणाची वडीसुद्धा चोरीचीच दिसायला लागली. बुधवारी दुपारी सगळ्या जणींनी आपापल्या थैल्या रिकाम्या केल्या. मनमाया नावाची त्यांच्यातली वयस्कर बाई पुढे झाली आणि सगळं आंब्याच्या झाडामागे खड्ड्यात गाडलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण बिस्नाच्या नवऱ्याने योगेंद्रला विचारलं, "साब, सरकारवाले औरतों का थैली चेक करने आ रहे हैं. आपको मालूम है?"

योगेंद्रला मालूम नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की या बायकांची कामावरची नोंद कुठेही नव्हती. सरकारी माणूस थैली बघायला येतो तो मस्टर बघितल्याशिवाय जात नाही. त्याने घाम पुसला, मालकांना फोन केला, आणि गुरुवारी पहाटेच अकराही जणींना टेंपोत बसवून मालकांच्या दुसऱ्या फार्महाऊसवर पाठवून दिलं. ते चौकच्या पुढे होतं, खालापूरच्या हद्दीत.

जयाला यातलं काहीही माहीत नव्हतं. गुरुवारी साडेनऊला ती उपकेंद्रावर पोचली तेव्हा संध्या सिस्टरने टेबलावर नवीन चादर घातली होती, पडदा लावला होता, औषधाची बाटली, कापूस, टॉर्च सगळं मांडलं होतं. डॉक्टरबाई खुर्चीत बसून घड्याळ बघत होत्या.

दहा वाजले. सव्वादहा झाले.

"जया, तुमच्या अकरा बायका कुठे आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"येतायत मॅडम. लांब नाय, ओढा ओलांडला की झालं."

साडेदहाला जया स्वतःच ओढा ओलांडून गेली. योगेंद्र फाटकातच उभा होता.

"योगेंद्रदादा, बायका कुठं हायत?"

"कुठल्या बायका?"

"नेपाळी. कामाला हायत त्या."

"आमच्याकडं बायका नायत ताई. पहिल्यापासून नायत."

त्याच्या पाठीमागे दोरीवर अकरा रंगांच्या कुर्त्या वाळत होत्या. जयाने त्यांच्याकडे बघितलं. योगेंद्रनेही वळून बघितलं.

"ते माझं हाय," तो म्हणाला.

जया माघारी फिरली. रस्त्यावर येऊन तिने बिस्नाला फोन लावला. चार वेळा वाजून कटला. पाचव्यांदा बिस्ना कुजबुजली, "दीदी, हम खालापूर में हैं. चौक के आगे, मालिक के दूसरे फार्महाऊस पर. साब ने भेजा."

"अगं, वहां कायको? इधर डॉक्टर रुकेला है!"

"दीदी, चेक करने का जरूरत नहीं. हमारा सबका थैली साफ है."

"तेरे को कैसे मालूम साफ है?"

"हमने खुद निकाल दिया ना. कल."

"खुद निकाला? क्या निकाला?"

"जो अंदर था सब."

"किसने निकाला?"

"मनमाया दीदी ने. सबका."

"हात से?"

"हां, हाथ से ही ना. मनमाया का खुद का सबसे ज्यादा निकला. दो साल का जमा था."

"बिस्ना! खून आया क्या?"

बिस्ना जरा विचारात पडली. "धनकला को थोडा आया. अब बंद है." खड्डा खणताना धनकलाचं बोट कुदळीला लागलं होतं, पण ते सांगायची तिला गरज वाटली नाही. "दीदी, सब जमीन में गाड दिया है. किसी को बोलना मत," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

जया मैलाच्या दगडावर मटकन बसली. तिच्या डोळ्यांसमोर अकरा बायका आणि त्यांच्या मधोमध हात घालणारी मनमाया उभी राहिली. हे मी केलं, तिच्या मनात आलं. मी त्यांना इतकं घाबरवलं की त्यांनी घरच्या घरीच कापाकापी केली. तिने सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, बायकांनी पिशवीतलं सगळं काढलंय. स्वतःच! त्यांच्यातल्याच एका बाईनं. हातानं!"

"काय?" संध्या सिस्टर ओरडली. "अगं काय बोलतेस तू? किती जणी?"

"अकरा! एकीला रक्त पण गेलं. खालापुरात लपवून ठेवल्यात."

पलीकडे डॉक्टरबाईंची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, अगदी शांत, म्हणून जास्तच भीतीदायक. "पत्ता पाठवा. मी ॲम्ब्युलन्स सांगते. तुम्ही निघा."

जया निघाली. नेरळ मागे पडलं, कर्जत मागे पडलं. ऊन चढत होतं, समोरून खडीचे डंपर येत होते आणि जयाला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसत होती तिची आई. माहेरी, कोंडाणे गावातल्या घरात, ओटीवर पडलेली. आईनेही दीड वर्ष कोणाला सांगितलं नव्हतं. अंगावरून जायचं, कपडे गुपचूप धुवायची. कळलं तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं आणि मुंबईच्या डॉक्टरांनी परत घरी. जया तेव्हा बावीस वर्षांची होती. पुढे आशाताई झाली ती त्या ओटीमुळेच, पण हे ती कोणाला सांगत नसे.

आरशात तिला मागे एक मोटारसायकल दिसली. योगेंद्र होता. आशाताई इतक्या जोरात निघाली म्हणजे पथकच घेऊन चालली, असं समजून तोही मागे लागला होता.

फार्महाऊसचं फाटक उघडंच होतं. आत पडवीत अकराही जणी ओळीने बसल्या होत्या. धडधाकट. प्रत्येकीच्या पुढ्यात तिची थैली, थैलीचं तोंड उघडं, आणि शेजारी काढून ठेवलेला संसार. कंगवा, आधार कार्ड, मुलीचा फ्रॉक, देवाचा फोटो.

जया धापा टाकत पुढे गेली. "कुठं दुखतंय? कोण झोपून हाय? धनकला कुठं?"

धनकलाने पट्टी बांधलेलं बोट वर केलं.

बिस्ना उठली, आपली थैली उचलली आणि जयापुढे उलटी करून झटकली. आतून काहीच पडलं नाही. "देख लो दीदी. साफ है. साबुन सब गाड दिया."

जया त्या रिकाम्या थैलीकडे बघत राहिली. मग बोटाकडे. मग पुन्हा थैलीकडे. आणि त्याच वेळी फाटकातून भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स आत आली.

बायकांची खात्रीच पटली. पुढच्या दोन मिनिटांत पडवी रिकामी झाली. चार जणी चिकूच्या झाडांमागे, तीन गोठ्यात, मनमाया पाण्याच्या टाकीमागे. उरलेल्या जागा नाही म्हणून एकमेकींच्या मागे. मागून आलेला योगेंद्र भोंगा ऐकून कुंपणापाशीच मोटारसायकल टाकून गवतात बसला. ॲम्ब्युलन्समधला डॉक्टर पेटी घेऊन उतरला आणि म्हणाला, "अत्यवस्थ पेशंट कुठे आहेत?"

"पळाले," जया म्हणाली.

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं की कसलं हे तिलाही कळेना. पडवीच्या मधोमध उभी राहून तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ओरडली, "ये थैली! ये वाली! बच्चा रहता वो थैली! वो झोला नहीं!"

चिकूमागून बिस्नाचं डोकं बाहेर आलं. "बच्चादानी?"

"हां! बच्चादानी!" नऊ वर्षांत न आठवलेला शब्द एकदाचा सापडला.

बिस्नाने तो नेपाळीत करून मोठ्याने सांगितला. आधी गोठ्यातून हसू आलं, मग टाकीमागून. मनमाया बाहेर आली ती पदराने तोंड दाबून. दोन वर्षांचे साबण गेले म्हणून तिला रडू येत होतं आणि जीव वाचला म्हणून हसू. गवतातून योगेंद्रही उठला. "म्हंजे मस्टर बघणार नायत?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने स्वतःहून टेंपो बोलावला. ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरने धनकलाच्या बोटाची पट्टी बदलली आणि तोंड वाकडं करून निघून गेला.

मग जयाने पडवीत बसून सगळं नीट सांगितलं. हा आजार कसा हळू येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. कसं आधीच बघितलं तर थांबवता येतं. बायका ऐकत होत्या. तपासणी कशी करतात हे सांगितल्यावर मात्र त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मनमायाने बिस्नाच्या कानात काहीतरी विचारलं.

"दीदी, मनमाया पूछती है, आपका हुआ है?"

जयाची नजर पडवीच्या कडेला काढलेल्या चपलांवर गेली.

तीन वर्षं गावाच्या रजिस्टरमध्ये पहिलं नाव तिचंच होतं. जया, वय एकेचाळीस, तपासणी झाली. तिने स्वतःच लिहिलं होतं. दर वेळी पडद्यापर्यंत जायची आणि ओटीवरची आई आठवायची. निघालं काही तर? शेकडो बायकांना 'घाबरू नका' सांगणारी जया प्रत्येक शिबिरात बाहेर उभी राहून चपला ओळीत लावत बसायची.

"नाय," ती मराठीतच म्हणाली.

त्याला भाषांतर लागलं नाही. अकरा बायका तिच्याकडे बघत होत्या. बिस्नाने आपला संसार पुन्हा थैलीत भरला, दोरी ओढली आणि उभी राहिली. "तो पहले आप. फिर हम."

दुपारी तीनला टेंपो उपकेंद्रासमोर थांबला. डॉक्टरबाई जेवायलाही उठल्या नव्हत्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, पण ओठ घट्ट मिटून हसू आवरत होत्या हे सिस्टरला दिसलं. "चला, पहिली कोण?"

जया पडद्यामागे गेली.

टेबल तिने शंभर वेळा पुसलं होतं. त्यावरून वरचं छत कसं दिसतं ते तिला माहीत नव्हतं. पत्र्याला गंजाचा एक ठिपका होता. "सैल सोड," सिस्टर म्हणाली. दुखलं नाही, फक्त गार लागलं. व्हिनेगरसारखा वास आला.

"आता एक मिनिट थांबायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ते मिनिट संपेना. बाहेर अकरा जणी एरवी अखंड बोलणाऱ्या, पण आता बांगडीही वाजत नव्हती. जयाने गंजाच्या ठिपक्यावर नजर धरून ठेवली. डॉक्टरबाई टॉर्च घेऊन वाकल्या. सरळ झाल्या. पुन्हा वाकल्या. सिस्टरकडे बघितलं.

"काय हाय मॅडम?"

"एक छोटा पांढरा डाग उठलाय. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तुम्हीच बायकांना सांगता ना? कर्जतला मोठ्या दुर्बिणीतून बघून घेऊ. मंगळवारी या." मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "वेळेवर आलात."

जयाने कपडे नीट केले. बाहेर येताना तिला वाटलं, आता या अकराही जणी उठून जाणार. आशाताईचंच निघालं म्हटल्यावर कोण थांबेल? दारात बिस्ना उभी होती. तिने चेहऱ्यावरून ओळखलं.

"निकला?"

जयाने मान हलवली. बिस्नाने तिला खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा ग्लास दिला, आणि मागे वळून बाकीच्यांना नेपाळीत काहीतरी इतकं जोरात सुनावलं की मनमाया उडी मारून पडद्यामागे गेली. तिच्यामागे धनकला. एकही गेली नाही, एकही राहिली नाही. पाच वाजेपर्यंत अकराही जणींची तपासणी झाली. अकराही साफ.

मंगळवारी जयाचा नवरा संतोष तिला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आला. चार दिवस तो तिला 'काय होत नाय गं' म्हणत होता, आणि दवाखान्याची पायरी चढताच त्यालाच चक्कर आली. त्याला चहाच्या टपरीवर बसवून जया आत वळली, तर बाकावर बिस्ना. सुट्टी टाकून, पहिल्या रिक्षाने आलेली.

आतल्या खोलीच्या दारात नर्सने दोघींना अडवलं. "सोबत फक्त घरची बाई चालेल. तुम्ही कोण यांच्या?"

हा प्रश्न मराठीत होता आणि बिस्नाला मराठी नाती येत नव्हती. चादरी धुताना गावातल्या बायकांच्या तोंडून तिने एकच शब्द सगळ्यात जास्त ऐकला होता. घरातली मोठी, हक्काची, जिच्यापुढे कोणाचं चालत नाही अशी बाई, एवढं तिला कळलं होतं.

"सासू," बिस्ना ठणकावून म्हणाली.

नर्सने छत्तीस वर्षांच्या सासूकडे बघितलं. मग एकेचाळीस वर्षांच्या सुनेकडे. जयाने खाली बघितलं, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. नर्सने काहीतरी विचार केला आणि कागदावर लिहिलं. दार उघडलं.

डाग लहान होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, तपासायला बारीकसा तुकडा घेतला आणि डाग तिथल्या तिथे गरम यंत्राने जाळून टाकला. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत जयाने बिस्नाचा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली, आणि बिस्ना चकार शब्द बोलली नाही. आठवड्याने तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. जयाने घरी आल्या आल्या रजिस्टर काढलं आणि तीन वर्षांच्या तीन ओळी खोडून एक खरी ओळ लिहिली.

पण ते नंतर. त्या मंगळवारी जया हळूहळू चालत बाहेर पडत होती, तेव्हा नर्सने मागून हाक मारली.

"ताई, सहा महिन्यांनी परत दाखवायला यायचं. विसरू नका. आणि येताना सासूबाईंनाच आणा. अठरा वर्षं इथे आहे, सुनेचा हात धरून बसलेली सासू पहिल्यांदा बघितली."

बिस्नाला यातलं 'सासूबाई' एवढंच कळलं. तिने ओढणी डोक्यावर घेतली, मान ताठ केली, आणि बाहेर टपरीवर कोमट चहा घेऊन बसलेल्या संतोषला म्हणाली, "चलो. गाडी निकालो."

संतोष मुकाट्याने उठला.